चार नंबरवर विचारू नये

सायबर कॅफेतला कीबोर्ड कधी उलटा करून आपटलाय? आपटून बघा एकदा! शेव, टरफलं, टिकली, कुणाच्या तरी कानातलं, नखं (ईऽऽ!) असलं काय काय पडतं. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण साठतंच. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. घडत होते तेव्हा आमची चांगली टरकली होती, खोटं कशाला बोलू. आता सगळे सुखरूप आहेत, म्हणून उलटा करून आपटतेय!

आधी मंडळी सांगते. फार नाहीयेत.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत अण्णांचा सायबर कॅफे. आठ कॉम्प्युटर, त्यातल्या फक्त चार नंबरवर मराठी चालायचं. बाकी सातांवर मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. अझहरने कुठून तरी सीडी आणून चार नंबरमध्ये मराठी घातलं होतं. बाकीच्यांमध्ये पण घालणार होता, पण त्या सीडीवर अण्णांनी गरम चहाचा ग्लास ठेवला आणि मराठीचा प्रसार तिथेच थांबला.

अझहर जुन्या नाशकातला, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारा. हात कीबोर्डवर आणि तोंड कुणाच्या तरी टिंगलीत. दुसरा पश्या, म्हणजे प्रशांत पाटील, मूळचा नामपूरचा, सिडकोत रूम करून राहणारा. तिसरी मी, मनीषा, डीटीपी सेंटरमध्ये लग्नपत्रिका आणि दुकानांची पॅम्प्लेट करणारी. आम्ही तिघं एका स्टुलावर दीड-दीड मांडी टेकवून एक ब्लॉग लिहायचो. नाव काय ठेवलं असेल? ‘चार नंबर’! विषय म्हणजे खड्डे, मेसची डाळ, रस्त्यात मध्येच उगवणारे मंडप. वाचक अकरा. त्यात आम्ही तिघं धरून.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. त्या वर्षी पश्या सरकारी लिपिकाची परीक्षा पास झाला होता. तिसऱ्या खेपेला! फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता, म्हणजे ही गेली की गेलीच. त्याचे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात मापाडी. त्यांनी कांदा तोलता तोलता अख्ख्या मार्केटला सांगून टाकलं होतं. रोज फोन यायचा, “लागनी का नोकरी?”

हं. आता ऐका.

*

२००६ चा पावसाळा. देशात वातावरण तंग होतं. शुक्रवारी पश्याने लेख टाकला. सिडकोत एक बसस्टॉप झाला होता. मंत्रीमहोदय आले, नारळ फुटला, संगमरवरी फलक लागला. फलकावर पाणी पडू नये म्हणून त्याला छोटंसं छप्पर. आणि बसस्टॉपला? छप्परच नाही! लोक भिजतायत आणि फलक कोरडा! लेख खरंच भारी झाला होता.

सोमवारी कॅफेत आलो, चार नंबर सुरू केला, तर ब्लॉग गायब. ‘पान उघडता येत नाही.’ परत केलं, परत तेच. सातही कॉम्प्युटर बघितले. चौकोनसुद्धा दिसेनात!

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी : सरकारच्या आदेशावरून काही ब्लॉग बंद.

पश्याने ती बातमी तीनदा वाचली. मग खुर्चीतून हळूहळू उठला. डोळे बघायला हवे होते त्याचे!

“पोचलं!” तो म्हणाला. “दिल्लीपर्यंत पोचलं!”

हसू नका. आम्हाला तिघांनाही शंभर टक्के तसंच वाटलं होतं. शुक्रवारी लेख, सोमवारी बंद. अजून काय पुरावा पाहिजे? अझहरने पश्याचा हात हातात घेऊन हलवला. माझ्या अंगावर काटा आला.

अण्णांच्या अंगावर पण आला, पण वेगळा. ते काउंटर सोडून धावत आले.

“काय लिहिलं रे? खरं सांगा! माझ्या कॅफेवर धाड आणता का?”

“बसस्टॉपवर लिहिलंय, अण्णा.”

“कुठल्या?”

“सिडकोतल्या.”

“एका बसस्टॉपसाठी दिल्ली बंद करेल का रे?”

“अण्णा, त्याला छप्पर नाहीये.”

अण्णांनी जरा विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मग करेल.”

*

आता गंमत काय होती, की ब्लॉग दिसत नव्हता, पण लिहिता येत होता. लिहायचं पान वेगळं, वाचायचं वेगळं. बंद झालं होतं ते वाचायचं. पासवर्ड टाका, आत जा, हवं ते लिहा, बटण दाबा. ‘आपला लेख प्रसिद्ध झाला आहे, अभिनंदन!’ आणि बघायला गेलं की पान गायब.

पश्या कळवळून म्हणाला, “म्हणजे बघा ना! लिहायला बंदी नाही, वाचायला बंदी आहे. लेखकाची याच्याहून मोठी थट्टा असेल का?”

अझहर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “तुला काय फरक पडला? आधी तरी कोण वाचत होतं?”

*

तीन दिवस आम्ही क्रांतिकारक होतो. चौथ्या दिवशी सुलभाकाकू आल्या.

काकू आमच्या समोरच्या अपार्टमेंटमधल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, एकदम खणखणीत आवाज. तरातरा आत आल्या आणि थेट माझ्यासमोर उभ्या.

“मनीषा, माझं भरलं वांगं दिसत नाहीये!”

मला वाटलं डबा हरवला. मग कळलं, काकूंचा पण ब्लॉग होता, रेसिप्यांचा! तोही बंद!

अझहरने मग इकडेतिकडे मेल केले, चौकशा केल्या, आणि खरा प्रकार कळला. सरकारने मोजकीच पानं बंद करायला सांगितली होती. ती नेमकी कशी बंद करायची हे इंटरनेट कंपन्यांना जमेना, म्हणून त्यांनी ब्लॉगची अख्खी वसाहतच बंद करून टाकली! एका फ्लॅटचा नळ गळतो म्हणून अख्ख्या कॉलनीचं पाणी तोडावं, तसं.

मला तर एकदम हलकं वाटलं. चला, आपल्यावर कुणी डोळा ठेवून नाहीये! पण पश्याचा चेहरा पडला. इतका पडला, की अण्णांनी न मागता चहा सांगितला.

“म्हणजे फक्त आपलाच नाही?”

“नाही रे.”

“वांग्याचा पण?”

“वांग्याचा पण.”

तेवढ्यात काकूंनी पर्स टेबलावर आपटली. “हे बघा, मी काही गप्प बसणार नाही. पुढे काय करायचं ते सांगा.” आम्हा तिघांपेक्षा काकूच जास्त तयार होत्या, शपथ!

*

मग अझहरचा प्लॅन. त्या वेळी सगळी पोरं एका फ्रेंडशिपच्या साइटवर पडीक असायची. एकमेकांच्या स्क्रॅपबुकात ‘हाय’ आणि ‘कसा आहेस’ लिहीत बसायचं, बस्स. ती साइट बंद नव्हती. तिथे आम्ही कम्युनिटी काढली, ‘चार नंबर परत द्या’. दोन दिवसांत दोनशे पोरं आली! अकरा वाचकांचे दोनशे! कुणी पुण्याचं, कुणी औरंगाबादचं, सगळ्यांचे ब्लॉग झोपलेले.

अझहर म्हणाला, “लेख स्क्रॅपमधून फिरवायचा. पण एका जागी नाही टाकायचा, पकडतील. सात तुकडे करायचे, सात जणांच्या स्क्रॅपबुकात टाकायचे. प्रत्येकाच्या खाली लिहायचं, पुढचा तुकडा अमक्याकडे.”

लोक तुकडे हुंगत हुंगत या स्क्रॅपबुकातून त्या स्क्रॅपबुकात फिरायला लागले. भयंकर थ्रिल यार! पाचवा तुकडा खुद्द पश्याकडे होता. तो टाकायचं काम माझ्याकडे. मी शोधलं ‘प्रशांत पाटील’, आला त्याच्याकडे टाकला.

आता महाराष्ट्रात प्रशांत पाटील किती असतील? माझा तुकडा गेला धुळ्याच्या एका प्रशांत पाटलाकडे. ना ओळख ना पाळख. त्या बिचाऱ्याच्या स्क्रॅपबुकात सकाळी सकाळी येऊन पडलं, ‘लोक पावसात उभे आहेत. निदान छप्पर कधी बसवणार तेवढं तरी सांगा. आता आम्ही गप्प बसणार नाही.’

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं.

‘नमस्कार. आपण कोण ते लक्षात येत नाही, पण राग मानू नये. सध्या कामाची गर्दी आहे. पुढच्या आठवड्यात माणसं पाठवतो. पत्र्याचं हवं की फायबरचं?’

फॅब्रिकेशनवाला होता तो!

*

नंतर अझहरने प्रॉक्सी शोधली. म्हणजे असं, की आपण थेट ब्लॉगवर जायचं नाही. परदेशातल्या एका साइटला सांगायचं, तू जा आणि मला आणून दाखव. आडवाटेने. पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पोरं एकमेकांना देत होती. त्यातून जायला लागलं की कॉम्प्युटरला वाटायचं आपण जर्मनीत बसलोय. शेजारी लोकरीच्या बुटांच्या जाहिराती!

पहिल्यांदा ब्लॉग उघडला तेव्हा आम्ही ओरडलोच. उघडला खरा, पण त्या जर्मन साइटला मराठी कुठलं यायला? प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह. अख्खा ब्लॉग नुसती प्रश्नचिन्हं!

पश्या तरीपण वाचत होता. बोट ठेवून. “हा बसस्टॉपचा. ही डाळ. इथे बघ, इथे मी जरा चिडलोय.”

आता ही प्रॉक्सीची बातमी अण्णांच्या कानावर गेली आणि अण्णा हबकले. त्यांनी माझ्याकडूनच, डीटीपी सेंटरमधून, फुकटात एक पाटी करून घेतली आणि दारावर लावली :

‘येथे सरकारने बंद केलेल्या साइट उघडून मिळणार नाहीत.’

तोपर्यंत गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं की काही बंद आहे! दुसऱ्या दिवसापासून रांग. कॉलेजची पोरं, क्लासची पोरं, एक वकील, त्र्यंबकेश्वरहून खास आलेले दोन गुरुजी (त्यांचा पंचांगाचा ब्लॉग होता). सगळे दारात उभे राहून पाटी वाचायचे आणि आत येऊन हळूच विचारायचे, “कुठे उघडतात?”

अण्णा सगळ्यांना हाकलून हाकलून दमले. शेवटी म्हणाले, “मनीषा, पाटी बदल. अजून एक ओळ घाल. जरा कडक.”

मी घातली. अण्णांनी सांगितली तशीच, ठळक टाइपात :

‘याबाबत चार नंबरवर विचारू नये.’

*

या सगळ्या धामधुमीत पश्याचा फॉर्म आला. साक्षांकन नमुना म्हणतात त्याला. सरकारी नोकरीच्या आधी भरायचा, मग तो पोलिसांकडे पडताळणीला जातो. जन्म कुठे, शाळा कुठली, अटक झाली होती का, खटला आहे का. पश्याने मोत्यासारख्या अक्षरात सगळीकडे ‘नाही’ लिहिलं आणि एका ओळीवर अडकला.

‘कोणत्याही शासकीय यंत्रणेने आपणांवर कधी बंदी घातली आहे काय? असल्यास तपशील.’

पेन हवेतच.

अझहर म्हणाला, “अबे, ते परीक्षेत कॉप्या करणाऱ्यांसाठी आहे. नाही लिही.”

“पण घातलीय ना बंदी.”

“ब्लॉगवर घातलीय. तुझ्यावर कुठे?”

“ब्लॉग माझाच आहे ना?”

“आपल्या तिघांचा आहे.”

“मग तिघांवर घातलीय!”

काकू पण होत्या तिथे. त्या म्हणाल्या, “मी तर ठासून ‘होय’ लिहिलं असतं.” त्यांना काय जातंय! त्यांची पेन्शन सुरू होती!

मी त्याला परोपरीने समजावलं. पश्या, तिसरी खेप आहे. पश्या, वडिलांनी अख्ख्या मार्केटला सांगितलंय. पश्या, सगळ्या देशाचे ब्लॉग बंद आहेत, तुझं नाव कुठल्याच यादीत नाही. तो म्हणाला, “खोटं लिहिलं आणि नंतर सापडलं तर लागलेली नोकरी जाईल. मग माझे वडील मार्केटात काय सांगतील?”

बरं, होय लिहायचीही छाती होईना. अर्धा तास असाच. शेवटी त्याने त्या छोट्या चौकटीत लिहिलं. शासनाच्या इतिहासात हे उत्तर कुणी दिलं नसेल. ‘होय (अंशतः).’

आणि तपशिलाच्या रकान्यात? ‘सोबत जोडला आहे.’

जोडला म्हणजे अख्खा ब्लॉग! लिहायच्या पानावरून एकेक लेख उचलून आम्ही माझ्या सेंटरवर प्रिंट काढले. त्र्याऐंशी पानं. “सगळं देतो,” पश्या म्हणाला, “म्हणजे लपवलं असं कुणी म्हणायला नको.” मी स्पायरल बाइंडिंग केलं. आणि हातच्या सवयीने कव्हरला चारी बाजूंनी वेलबुट्टी टाकली. वर कोपऱ्यात गणपतीपण येत होता, तो वेळेवर काढला.

फॉर्म गेला.

*

आणि फॉर्म गेल्यावर दोन दिवसांनी सगळे ब्लॉग सुरू झाले!

असेच! कुणी सांगितलं नाही, कुणी सॉरी म्हटलं नाही. अझहरने सहज बटण दाबलं आणि समोर आमचा ‘चार नंबर’. मराठीत! कॅफेत एकच गलका. अण्णांनी पाटी काढली. काकूंनी स्वतःचं भरलं वांगं डोळे भरून बघितलं आणि घरी जाऊन खरंच करून आणलं.

एकटा पश्या डोकं धरून बसला. “दोन दिवस थांबलो असतो तर? आता ते ‘अंशतः’ पोलीस स्टेशनात जाऊन पडलं!”

त्याला जरा बरं वाटावं म्हणून आम्ही ब्लॉग वाचायला लागलो आणि अझहरने पटकन स्क्रीनवर हातच ठेवला.

झालं काय होतं, बंदीच्या दिवसांत कुणी वाचतच नाही म्हटल्यावर आम्ही तिथे काय वाट्टेल ते लिहिलं होतं. गंमत म्हणून! ‘टेस्ट टेस्ट.’ ‘पश्या रोज माझ्या डब्यातली भाजी खातो, अझहर.’ ‘खोटं आहे, प्रशांत.’ ‘आज पश्याने फॉर्ममध्ये काय लिहिलं ऐका.’ ‘पश्या रात्रभर झोपला नाही, नोकरी गेली तर वडिलांना काय सांगू म्हणतो.’ असले वीस-बावीस लेख!

आणि बंदी होती फक्त भारतात. बाकी सगळ्या जगात आमचा ब्लॉग टकाटक चालू होता!

प्रत्येक लेखाखाली एक कॉमेंट. न्यू जर्सीहून, कुणी जोशीकाका. शेवटची अजून पाठ आहे मला :

‘मी आणि सौ. रोज संध्याकाळी आपल्याला वाचतो. इथे मराठी वाचायला फारसं मिळत नाही. प्रशांतच्या पडताळणीचं काय झालं? सौ.ने उपास धरला आहे. तसेच अझहर यांनी भाजीचं मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्याला आवडते म्हणूनच खातो ना?’

*

पडताळणीचं बोलावणं आलं त्या दिवशी पश्याने पांढरा शर्ट घातला, भांग पाडला आणि अझहरला म्हणाला, “मला आत ठेवलं तर नामपूरला फोन करू नकोस.” मी आणि अझहर सोबत गेलो. बाहेर थांबायचं ठरलं होतं, पण पश्याने दारातच माझी ओढणी धरली, मग आम्ही पण आत.

खैरनार नावाचे हवालदार होते. पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. समोर फाइल, आणि फाइलीवर आमचं वेलबुट्टीवालं पुस्तक.

“हे काय? लग्नपत्रिका हाय का?”

“नाही साहेब,” पश्या म्हणाला, “माझं लिखाण. सरकारने बंद केलेलं. अंशतः.”

हवालदारांनी चष्मा लावला. आधी पश्याकडे बघितलं, मग फॉर्मवरच्या पत्त्याकडे.

“तू नामपूरना शे का?”

“हा साहेब, शे.”

“मी सटाण्याचा.” म्हणजे शेजारगावचेच! मला वाटलं सुटलो. कसलं काय! त्यांनी पुस्तक हातावर तोललं. “त्र्याऐंशी पानं. आता तू जोडलं म्हणजे मला वाचणं भाग हाय. न वाचता सही केली आणि आत भलतंच काय निघालं तर माझी नोकरी जाईल. चार दिवसांनी ये.”

ते चार दिवस! पश्या जेवेना. अझहर स्वतःहून डबा पुढे करायचा, तरी जेवेना. वडिलांचा फोन आला की तो मोबाइल माझ्या हातात द्यायचा आणि मी सांगायचे, “काका, तो अंघोळीला गेलाय.” चार दिवसांत त्याने माझ्या हिशेबाने अकरा अंघोळी केल्या.

चौथ्या दिवशी परत तेच टेबल. पुस्तकाची पानं आता चांगली फुगली होती, मधे मधे बसच्या तिकिटांच्या खुणा. एका पानावर हळदीचा डाग. म्हणजे घरी नेलं होतं!

“बसा.” हवालदारांनी घसा साफ केला. “सगळं वाचलं. मी वाचलं, आमच्या मंडळींनी वाचलं. पोरीने पण वाचलं, ती बारावीला हाय.”

त्यांनी खुणेच्या तिकिटावर पुस्तक उघडलं.

“मेसच्या डाळीचं लय बरोबर लिहिलं. आमच्या मेसची पण तशीच हाय. मांडवाचं पण खरं हाय, बंदोबस्ताला आम्हीच असतो.” पान उलटलं. “पण यात सरकारने बंद करण्यासारखं काय हाय, ते मला काय सापडलं नाय. दोनदा बघितलं.”

“नाही ना साहेब?” पश्याचा आवाज अगदी बारीक.

“नाय. एका जागी वाटलं, आता काहीतरी येतंय. पण मग तू खाली माफी मागितली.”

त्यांनी कागद पुढे ओढला आणि सावकाश, बोलत बोलत, अभिप्राय लिहिला. “सदर इसमाचे लिखाण, पान एक ते त्र्याऐंशी, समक्ष वाचले. सदर लिखाणापासून शासनास कोणताही धोका संभवत नाही. सदर इसमाचे वर्तन चांगले आहे. नियुक्तीस हरकत नाही.”

हरकत नाही!!

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अझहरने तिथल्या तिथे, पोलीस स्टेशनात, पश्याच्या पाठीत असला गुद्दा घातला की दुसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी वर बघितलं. हवालदार पण हसले. म्हणाले, “वडिलांना फोन लाव, बाहेर जाऊन.” त्यांनी शाईचं पॅड उघडलं, शिक्का उचलला.

पश्या उठला. वाकून नमस्कार केला. दारापर्यंत आला. मी मोबाइल काढून नामपूरचा नंबर लावायला घेतला. अझहरने चप्पल पायात घातली. आणि हा गडी थांबला. वळला. परत टेबलापाशी!

अझहरने डोळेच मिटले.

“साहेब...”

शिक्का हवेत. “आता काय?”

पश्या कागदाकडे बघत होता.

“कोणताही धोका... म्हणजे साहेब, अगदी कोणताच नाही?”

खैरनार हवालदारांनी शिक्का खाली ठेवला. चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे नजर टाकली, पेनचं टोपण काढलं, आणि ‘शासनास’च्या पुढे एक छोटीशी खूण करून वरती बारीक अक्षरात एक शब्द लिहिला : ‘तूर्तास’.

फुंकर मारून शाई वाळवली आणि शिक्का मारला.